गावात काम करायचं म्हणणाऱ्या मुलांच्या आईबाबांशी



बारावीचा किंवा पदवीचा निकाल लागला, की घरोघरी पुढचं काय याची बोलणी सुरू होतात. अशा वेळी तुमची मुलगी म्हणते, "मला खेड्यांमध्ये काम करायचंय, तिथल्या मुलामुलींबरोबर. तेच शिकायचंय." आईच्या डोळ्यांपुढे लग्नाची बोलणी येतात, वडिलांच्या डोळ्यांपुढे पगार. आजोबा म्हणतात, "समाजसेवा करायला आयुष्य पडलंय. आधी नोकरी बघ."

मी विस्तार शिक्षण शिकवते. त्यामुळे असे आईबाबा मला नेहमी भेटतात. ते रागावलेले नसतात, धास्तावलेले असतात, आणि त्यांची धास्ती खोटी नसते. म्हणून आज तिच्याबद्दलच मोकळेपणानं बोलू. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. गावातल्या माणसांना, त्यातही तरुणांना, नवं शिकायला आणि ते वापरून बघायला मदत करणं, म्हणजेच विस्तार शिक्षण, हा शिकून करायचा व्यवसाय आहे. त्याला पदव्या आहेत, पदं आहेत, बढत्या आहेत आणि अडचणीही आहेत. तेव्हा मुलाच्या इच्छेला त्याग म्हणून डोक्यावर घेऊ नका आणि खूळ म्हणून झटकूही नका. नर्सिंगची किंवा इंजिनिअरिंगची चौकशी जितक्या बारकाईनं कराल, तितक्याच बारकाईनं याची करा.

आधी हे काम नेमकं काय असतं ते पाहू. कारण "लोकांना माहिती देणं" एवढंच ते असतं असं वाटत असेल, तर त्याला चार वर्षं कशाला शिकायचं, हा तुमचा प्रश्न रास्तच ठरेल.

मराठवाड्यातलं किंवा विदर्भातलं एखादं गाव घ्या. मे संपत आलाय, शेतकऱ्याकडे घरचं सोयाबीन बियाणं आहे. सोयाबीनच्या दाण्याचं साल नाजूक असतं. मळणीत ते दुखावलं, तर दाणा दिसायला चांगला दिसतो पण उगवत नाही. यावर उपाय साधा आहे. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात ओळीनं मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकवायची आणि आठवडाभरानं उघडून चांगले कोंब मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त दाणे उगवले, तर बियाणं पेरायला योग्य. कमी उगवले, तर एकरी बियाणं वाढवायचं, आणि फारच कमी असतील तर ते पेरायचंच नाही. हे सांगायला पाच मिनिटं पुरतात. पण गावातल्या चाळीस घरांनी पेरणीआधी ते खरोखर करून बघावं, यासाठी काय लागतं? कुणाच्या ओट्यावर चार माणसं जमतात, गावात कुणाचा शब्द मानतात, घरातलं बियाणं कुणाच्या ताब्यात असतं, बायकांना कोणती वेळ सोयीची, हे सगळं माहीत असावं लागतं. ज्यानं ते जाणलं, त्याच्या गावात दुबार पेरणीच्या संकटातलं निदान एक कारण तरी कमी होतं.

याच्यामागे शास्त्र आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ब्राईस रायन आणि नील ग्रॉस या दोघांनी संकरित मक्याचं बियाणं शेतकऱ्यांमध्ये कसं पसरलं याचा अभ्यास केला आणि १९४३ साली तो प्रसिद्ध केला. बियाण्याची पहिली बातमी बहुतेकांना विक्रेत्याकडून कळली होती, पण ते पेरावं हे पटलं शेजाऱ्याचं पीक पाहून आणि त्याच्याशी बोलून. विस्तार शिक्षणाच्या वर्गात हा अभ्यास आजही शिकवला जातो. आपल्याकडे कृषी विज्ञान केंद्रं शेतकऱ्याच्याच रानात आद्यरेषीय पीक प्रात्यक्षिकं घेतात, त्याचंही कारण हेच आहे. शिवारफेरी कशी काढायची, जमिनीवर रांगोळीनं गावचा नकाशा लोकांकडूनच कसा काढून घ्यायचा, प्रौढ माणूस कशानं शिकतो आणि कशानं दुखावतो, बैठकीत गप्प बसलेल्या बाईला बोलतं कसं करायचं, हे सगळं तुमची मुलं शिकतात.

हे झालं शेतीचं. गावातल्या तरुणांबरोबरचं काम त्याहून अवघड आहे. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात आणि उन्हाळ्यात परततात. त्या महिन्यांत मुलांची शाळा तुटते. वयात आलेल्या मुलीला मागे एकटी कशी ठेवायची, या धास्तीनं तिचं लग्न लवकर उरकलं जातं. हंगामी वसतिगृह चालवायचं, आजी-आजोबांकडे राहिलेल्या मुलांवर लक्ष ठेवायचं, किशोरी मुलींचे गट बांधायचे, आणि अठरा वर्षांच्या आत मुलीचं लग्न करणं कायद्याने गुन्हा आहे हे त्या कुटुंबाचा मान न दुखावता समजवायचं. हे काम भाषणांनी होत नाही. तिथे रोज जाणारं, ओळखीचं आणि शिकलेलं माणूस लागतं.

आणखी एक चित्र तुम्ही स्वतः पाहिलं असेल. तालुक्याच्या गावी अभ्यासिका मुलांनी भरलेल्या आहेत. पोलीस भरती, तलाठी भरती, एमपीएससी अशी तयारी करता करता मुलं तिशीला येतात. जागा मोजक्या असतात, त्यामुळे बहुतेकांच्या वाट्याला निराशा येते. या मुलांना दुसरं कौशल्य, दुसरा धंदा, दुसरी दिशा दाखवणारं कुणी गावात असायला हवं की नको? श्रीनाथ कलबाग हे शास्त्रज्ञ कंपनीतली नोकरी सोडून पाबळला गेले आणि १९८३ साली त्यांनी तिथे विज्ञान आश्रम उभा केला. शाळा सुटलेल्या मुलांना वेल्डिंग, वीजजोडणी, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया हे हातानं करत शिकवायचं आणि आपल्या पायावर उभं करायचं, ही त्यांची पद्धत. ग्रामीण युवक विकास म्हणतात तो हाच.

या कामाचं एक वैशिष्ट्य पालकांनी आधीच समजून घ्यावं. यात नाव बहुधा गावकऱ्यांचं होतं आणि तसंच व्हायला हवं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणं जपली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ज्ञान राहीबाईंचं, मेहनतही त्यांची. पण त्यांची बियाणे बँक उभी राहताना 'बायफ' या संस्थेचे कार्यकर्ते सोबत होते. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरळीकांचनला सुरू केलेली ही संस्था. त्या कार्यकर्त्यांची नावं तुम्हाला-मला ठाऊक नाहीत. ज्या मुलाला दुसऱ्याच्या यशात समाधान वाटतं, तो या व्यवसायात रमतो. ज्याला रोज स्वतःसाठी टाळ्या हव्यात, त्याची इथे घुसमट होते. आपलं मूल यातलं कोणतं, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार?

आता शिक्षणाच्या वाटा. दहावीनंतर दोन वर्षांची कृषी पदविका आहे. बारावी विज्ञाननंतर एमएचटी-सीईटी देऊन बी.एस्सी. कृषी या चार वर्षांच्या पदवीला प्रवेश मिळतो. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी आपली चार कृषी विद्यापीठं आहेत आणि त्यांच्या अखत्यारीत जिल्ह्याजिल्ह्यांत महाविद्यालयं आहेत. या पदवीच्या अंतिम वर्षात मुलं गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करतात. वर्तमानपत्रांत ज्यांच्या बातम्या वाचता, ते कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणजे हीच मुलं. पुढे एम.एस्सी.ला विस्तार शिक्षण हा विषय घेता येतो. परभणीला पूर्वी गृहविज्ञान म्हणून ओळखलं जाणारं महाविद्यालय आता सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे. तिथे पोषण, बालविकास, वस्त्रशास्त्र यांबरोबर विस्तार शिक्षणही शिकवतात. ज्या मुलींना शेतीपेक्षा कुटुंब, मुलं आणि आहार यांत रस आहे, त्यांच्यासाठी ही चांगली वाट आहे, आणि तिची माहिती फार थोड्या पालकांना असते.

मूल कला किंवा वाणिज्य शाखेचं असलं, तरी दार बंद नाही. समाजकार्यात बी.एस.डब्ल्यू. आणि एम.एस.डब्ल्यू. करता येतं. पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था १९६३ पासून हे शिक्षण देते आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेचा तुळजापूरचा परिसर तर ग्रामीण विकासासाठीच उभा राहिला. आणंदला वर्गीस कुरियन यांनी १९७९ साली स्थापलेली 'इर्मा' ग्रामीण व्यवस्थापन शिकवते.

नोकऱ्या कुठे आहेत? पहिली जागा सरकारी. गाव ज्यांना कृषी सहायक म्हणून ओळखतं, तिथून सुरुवात होते. एमपीएससीच्या कृषी सेवेतून तालुका कृषी अधिकारी आणि त्यावरची पदं मिळतात. पंचायत समितीत विस्तार अधिकारी असतात, एकात्मिक बालविकास योजनेत पर्यवेक्षिका आणि प्रकल्प अधिकारी असतात. दुसरी जागा कृषी विज्ञान केंद्रांची. देशातलं पहिलं केंद्र १९७४ साली पुदुच्चेरीला सुरू झालं, आज ती सातशेहून अधिक आहेत. प्रत्येक केंद्राच्या मंजूर सोळा पदांत सहा विषय विशेषज्ञ असतात. त्यांत बहुतेक ठिकाणी एक विस्तार शिक्षणाचा आणि एक गृहविज्ञानाचा असतो. तिसरी जागा बचत गटांच्या कामाची: 'उमेद' अभियान आणि १९७५ पासून काम करणारं महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे 'माविम'. चौथी स्वयंसेवी संस्थांची. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजोपयोगी कामावर खर्च करणं बंधनकारक केलं, त्यामुळे या क्षेत्रात प्रशिक्षित माणसांची मागणी वाढली. शेतकरी उत्पादक कंपन्यांनाही हिशेब, बाजार आणि सभासद सांभाळणारे व्यवस्थापक लागतात. अशा कंपन्या आता तालुक्यातालुक्यांत आहेत.

आता पैशांचं बोलू, कारण तिथे गोड बोलून उपयोग नाही. कृषी विज्ञान केंद्रातल्या विषय विशेषज्ञाचं पद सातव्या वेतन आयोगाच्या दहाव्या स्तरातलं आहे. मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होतं. पण त्यासाठी पदव्युत्तर पदवी लागते आणि जागा थोड्या निघतात. कृषी विभागात खालच्या पायरीवर नेमणूक झाली, की पहिली तीन वर्षं कृषी सेवक म्हणून ठरावीक मानधनावर काढावी लागत आली आहेत. ते मानधन अनेक वर्षं महिना ६,००० रुपये होतं, २०२३ मध्ये ते १६,००० झालं. 'उमेद'सारख्या अभियानांत बरीच पदं कंत्राटी आहेत. संस्थांमध्ये प्रकल्प तीन किंवा पाच वर्षांचा असतो आणि तो संपला की पुढचा प्रकल्प शोधावा लागतो. शहरातल्या सॉफ्टवेअर कंपनीतल्या पगाराशी सुरुवातीची बरोबरी होणार नाही. मात्र तालुक्याच्या गावी घरभाडं आणि रोजचा खर्चही शहराइतका नसतो, आणि पाच-सात वर्षांच्या अनुभवी माणसाला संस्था सहजासहजी सोडत नाहीत.

म्हणून नोकरी स्वीकारताना मुलाच्या शेजारी बसून हे प्रश्न विचारा. नेमणूकपत्र मिळतं का? करार किती काळाचा? भविष्य निर्वाह निधी आणि विमा आहे का? गावोगाव फिरण्याचा पेट्रोलखर्च कोण देतं? प्रकल्प कधी संपतो, आणि आधीच्या प्रकल्पातली माणसं आज कुठे आहेत? चांगली संस्था या प्रश्नांना मोकळेपणानं उत्तर देते. जी संस्था "सेवेच्या कामात पैशाचं काय बोलायचं" असं म्हणते, तिथे मुलाला पाठवू नका. गरिबांसाठी काम करणाऱ्याला रास्त मोबदला मागायचा पूर्ण हक्क आहे.

मुलींच्या आईबाबांशी थोडं वेगळं बोलायचंय. "पोरीनं एकटीनं कुठल्या कुठे फिरायचं?" ही तुमची काळजी मला पूर्ण समजते. पण गावातल्या किशोरी मुलीशी पाळीबद्दल, रक्त कमी असण्याबद्दल, घरात ठरत असलेल्या लग्नाबद्दल बोलायला पुरुष कार्यकर्ता पुरा पडत नाही. तिथे मुलीच लागतात. तेव्हा थांबवण्याआधी सुरक्षिततेची चौकशी करा. राहायची सोय कुठे आहे? शेवटची एसटी किती वाजता? संध्याकाळच्या बैठकीला सोबत कोण असतं? परतीची गाडी कोण देतं? दहा किंवा अधिक कर्मचारी असतील, तर २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. ती आहे का आणि तिच्यावर कोण आहे, हे विचारायला संकोच करू नका. दुचाकी चालवायला मुलीला आताच शिकवा. आणि लग्नाचं म्हणाल, तर मुलीचं काम ज्या घराला चालत नाही, ते घर लग्नाआधीच कळलेलं बरं.

शेतकरी आईबाबांचं दुःख आणखी वेगळं. एका वडिलांनी मला विचारलं होतं, "बाई, आम्ही जन्मभर चिखलात पाय घातले ते पोरानं पुन्हा चिखलातच जावं म्हणून का?" हा प्रश्न मला आजही महत्त्वाचा वाटतो, कारण शेतीनं दिलेली फरफट त्यात आहे. त्यांना मी एवढंच सांगितलं, की तुमचा मुलगा तुमच्या जागी उभा राहायला परत येत नाही. तुम्हाला जे कुणी वेळेवर सांगितलं नाही, ते सांगायला तो येतोय. हिवरेबाजारला पोपटराव पवार हा एम.कॉम. झालेला तरुण सरपंच झाला. त्या दुष्काळी गावानं पाणी अडवलं, आणि ग्रामसभेत दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवायची शिस्त लावून घेतली. शिकलेलं पोर गावात राहिलं म्हणजे त्याचं शिक्षण वाया गेलं, ही समजूत त्या गावानं मोडून काढली.

तरीही प्रत्येक मुलानं या वाटेला जावं असं मी म्हणणार नाही. सिनेमा पाहून, एखादं भाषण ऐकून किंवा शहराला कंटाळून आलेली इच्छा गावात फार दिवस टिकत नाही. म्हणून ती पारखून घ्या. मूल महाविद्यालयात असेल, तर राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिराला जाऊ द्या. सुट्टीत एखाद्या संस्थेत महिनाभर राहून काम करू द्या. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेनं २००६ साली सुरू केलेला 'निर्माण' उपक्रम तरुणांना आपल्या आयुष्याच्या दिशेचा विचार करायला मदत करतो. पदवीनंतर स्टेट बँकेच्या 'यूथ फॉर इंडिया' फेलोशिपमध्ये तेरा महिने खेड्यात राहून काम करता येतं. त्या काळात गावातल्या शाळेत, बचत गटात, शेतात रोजचा दिवस कसा जातो हे मुलाला स्वतः कळेल.

मूल परत आलं, की "मजा आली का?" असं विचारू नका. कुणाशी ओळख झाली, कुणी नकार दिला आणि मग तू काय केलंस, तुझी कोणती समजूत चुकीची निघाली, असं विचारा. जे मूल गावाच्या मागासपणाच्याच गोष्टी सांगत राहतं, त्याला अजून वेळ द्या. जे मूल माणसांची नावं घेऊन बोलतं, त्यांच्या अडचणींमागची कारणं शोधायला लागतं आणि नकार मिळूनही पुन्हा जायचं म्हणतं, त्याला अडवू नका. त्याचा कल खरा आहे.

आणि एक गोष्ट तुमच्याच हातात आहे. या क्षेत्रातली मुलं पहिल्या दोन वर्षांत खचतात. गाव लगेच बदलत नाही. बैठकीला कुणी येत नाही, सरपंच टाळतात, मानधन उशिरा येतं. अशा वेळी घरून फोन आला आणि "आम्ही सांगितलंच होतं" हे ऐकू आलं, तर मूल मोडून पडतं. त्याऐवजी "आज कुठल्या गावात होतास? जेवलास का?" एवढं विचारलंत तरी त्याला बळ येतं. त्याच्या गावाचं नाव लक्षात ठेवा. जमलं तर एकदा तिथे जाऊन या, ज्यांच्यात तो राहतो त्या माणसांना भेटा.

तुम्हाला माझी एकच विनंती आहे. निर्णय घेण्याआधी एक दिवस काढा आणि मुलाला घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा चांगल्या संस्थेत जा. तिथल्या विस्तार कार्यकर्त्याशी बोला. पगार, जागा, बदल्या, अडचणी सगळं विचारा. मुलासमोर विचारा, त्यालाही विचारू द्या. आणि सगळं पाहून वाट पक्की ठरली, तर नातेवाइकांना सांगताना आवाज खाली करू नका. "आमची मुलगी विस्तार शिक्षण शिकते, गावात काम करणार आहे," असं ताठ मानेनं सांगा. तिला पहिला आधार तुमच्याकडूनच मिळायला हवा.